कानातल्या माणसाला दिलेलं उत्तर

मुलुंडमध्ये मला कुणी भाव देत नाही असं एकच ठिकाण उरलंय, ते म्हणजे माझं स्वयंपाकघर. तिथे आई असते, आणि तिच्या लेखी मी अजूनही मिठाचा अंदाज नसलेली पोरगी आहे. घराबाहेर मात्र वेगळा थाट. भाजीवाला मेथीची जुडी बांधता बांधता विचारतो, "ताई, आज पाऊस नक्की पडणार का, की तुम्ही नुसतं सांगता?" मेडिकलवाला औषध देण्याआधी काल टिकली वाकडी होती हे सांगतो. लिफ्टमध्ये एक आजोबा रोज माझ्याकडे रोखून बघतात आणि मग समाधानाने म्हणतात, "टीव्हीत जाड दिसतेस."

मला हे सगळं फार आवडतं. खोटं कशाला बोलू? काही लोक म्हणे प्रसिद्धीला कंटाळतात. मी त्यातली नाही. डोकेदुखीची गोळी आणायला खाली उतरतानासुद्धा मी लिपस्टिक लावते. डोकं दुखतंय, ओठ थोडेच दुखतायत!

गेली कितीतरी वर्षं मी सकाळच्या बातम्या सांगते. सांगते म्हणजे बातम्या, हवामान, सणवार, पाहुण्यांशी गप्पा, मधूनच कुठल्या धरणात किती पाणी, असा सगळा मिसळीचा कारभार. पहाटे ऑफिसची गाडी येते, पवईच्या बाजूने अंधेरी गाठते, आणि सूर्य उगवायच्या आत माझ्या चेहऱ्यावर दुसरा चेहरा चढलेला असतो. या खुर्चीत मी ठरवून आले नव्हते. मी आत बसून बातम्या लिहायचे. एक दिवस सकाळची निवेदिका लग्न ठरलं म्हणून नोकरी सोडून गेली, दुसरी वेळेवर पोहोचली नाही, आणि कुणीतरी म्हणालं, हिचा आवाज बरा आहे, बसवा हिला. त्या लग्न झालेल्या मुलीचं मी आजही मनातल्या मनात भलं चिंतते. आणि आवाजाचं श्रेय बाबांना. ते परळच्या गिरणीत होते. मागांच्या खडखडाटात बोलायची सवय, त्यामुळे घरी चहा मागितला तरी शेजारच्या दोन खोल्यांत आधण ठेवलं जायचं.

माझा नवरा फार लवकर गेला. त्याच्याबद्दल इथे लिहीत नाही. भला माणूस होता तो, आणि भल्या माणसाला चार ओळींत उरकू नये. बाबाही गेल्यावर आई लालबागची खोली सोडून माझ्याकडे मुलुंडला आली, ती माझी पहिली प्रेक्षक झाली. तिची मराठी मुंबईची आहे, मधूनच मालवणी, आणि राग आला की अख्खी मालवणी. रोज सकाळी चहाचा कप घेऊन ती टीव्हीसमोर बसते आणि कार्यक्रम संपला की फोन करते. कौतुक कधीच नाही. "ता धरणाचा पाणी सांगताना हसलंस कित्याक? पाणी कमी आसा म्हणालंस मगे हसलंस." मी म्हणते, "आई, चेहरा प्रसन्न ठेवावा लागतो." ती म्हणते, "दुष्काळात?"

आता मुख्य माणसाकडे येते. तो तुम्हाला दिसत नाही, कारण तो माझ्या कानात राहतो.

निवेदकाच्या एका कानात एक छोटा इअरपीस असतो, केसांखाली लपवलेला. पलीकडे काचेआडच्या खोलीत कार्यक्रम चालवणारा निर्माता बसलेला असतो. तो बटण दाबून आमच्या कानात बोलतो. दहा सेकंद उरले, कॅमेरा बदलतोय, पाहुण्याला थांबवा, फोन कट झालाय, स्वतःच काहीतरी बोला. तुम्ही घरी जे ऐकता ते आमचं तोंड. आमचा कान दुसरीकडे असतो. बोलता बोलता ऐकायचं आणि ऐकता ऐकता बोलायचं, हीच या धंद्याची खरी विद्या. आणि तिचा पहिला नियम म्हणजे कानातल्याला कधीही उत्तर द्यायचं नाही. नव्या पोरी हमखास चुकतात. एकीने भर बातमीत, मंत्री काय म्हणाले ते सांगता सांगता, "बरं सर, सॉरी सर" म्हटलं होतं. मंत्रीसाहेब फार नम्र आहेत असा लोकांचा समज झाला. मी त्या पोरीला पोटभर हसले होते.

माझ्या कानातला माणूस विदर्भातला, अकोल्याच्या बाजूचा. आवाज खालच्या पट्टीतला, शब्द मोजके. त्याचं लग्न मोडून बरीच वर्षं झाली होती. सुरुवातीला मला त्याचा चेहरासुद्धा नीट माहीत नव्हता, कारण तो काचेआड अंधारात. कॅन्टीनमध्ये एकदा पोह्यांच्या रांगेत मागून कुणीतरी म्हणालं, "लिंबू संपलंय," आणि माझी पाठ आपोआप ताठ झाली. मी वळून बघितलं आणि म्हटलं, "अरे, तू असा दिसतोस होय!" तो म्हणाला, "तुम्हीही टीव्हीपेक्षा बारीक आहात." त्या वाक्याबद्दल मी त्याची जन्मभर ऋणी आहे.

मग आईचं ऑपरेशन झालं तेव्हाची गोष्ट. मी कुणाला सांगितलं नव्हतं. रोजच्यासारखी बसले, रोजच्यासारखी हसले. पहिल्याच ब्रेकमध्ये कानात आवाज आला, "आज वाक्यं लवकर संपवताय. श्वास पुरत नाहीये. घरी काही झालंय का?" घराघरांतल्या लोकांनी मला त्या सकाळी बघितलं असेल. टिकली सरळ होती, त्यामुळे कुणाला काही दिसलं नाही. ऐकू आलं ते फक्त त्याला. त्यानंतर आई घरी येईपर्यंत तो रोज कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी कानात एकच प्रश्न विचारायचा, "आई कशा आहेत?" मी उत्तरादाखल फक्त मान हलवायचे. आमच्या प्रेमप्रकरणाची ही सुरुवात. काचेच्या एका बाजूला मान हलते, दुसऱ्या बाजूला बटण दाबलं जातं. कॉलेजची पोरं याला काय म्हणतील ठाऊक नाही. आम्ही दोघं पन्नाशीला टेकलेले, आमच्यासाठी एवढं पुष्कळ होतं.

लग्नाचं त्याने विचारलं ते जुहूला. सकाळच्या शिफ्टची माणसं दुपारी मोकळी होतात, तेव्हा समुद्रावर फक्त कावळे आणि आमच्यासारखे बिनकामाचे. उन्हात डोकं भाजत होतं. त्याने भेळ अर्धी केली आणि म्हणाला, "उरलेलं पण असंच अर्धं अर्धं करायचं का?" ऑफिसात तो मला "तुम्ही" म्हणतो, कारण कानात बोललेलं काचेआडच्या सगळ्यांना ऐकू जातं. बाहेर "तू". मी म्हटलं, "कर. पण शेव माझ्याकडे जास्त दे. आणि एक अट आहे."

अट आईची होती. आई नाही म्हणाली तर लग्न नाही, हे मी त्याला तिथेच सांगून टाकलं. लोकांना हे जुनाट वाटेल, वाटू दे. नवरा गेला तेव्हा ज्या बाईने मला उचलून उभं केलं, तिला बाजूला ठेवून मला संसार मांडायचा नव्हता. आणि आई नाही म्हणेल अशी कारणं ढीगभर होती. विधवा मुलगी, या वयात लग्न. आमचं कोकणातलं गाव, तिथला घरचा गणपती, चुलते, त्यांच्या जिभा. आणि तो बौद्ध. आईच्या मनात काय आहे ते मला खरोखर माहीत नव्हतं. गिरणगावात तिची हयात गेली, सगळ्या जातींच्या बायकांशी तिची नळावर भांडणं झाली आणि सगळ्यांच्या बाळंतपणांना ती धावली. पण शेजार वेगळा आणि जावई वेगळा, हे मला कळत होतं.

म्हणून मी पुढे ढकलत राहिले. दसरा झाला, दिवाळी झाली. तो विचारायचा, "सांगितलंस?" मी म्हणायचे, "सांगते रे, मूड बघून." तो म्हणायचा, "कुणाचा मूड?" हुशार माणूस.

आणि मग संक्रांत आली.

संक्रांतीचा खास कार्यक्रम होता. बोरिवलीच्या एक बाई घरी हलव्याचे दागिने करतात, त्या पाहुण्या होत्या. काटेरी पांढरा हलवा एकेक दाणा ओवून केलेला हार, बाजूबंद, बांगड्या, कंबरपट्टा, मुकुट, आणि मंगळसूत्रसुद्धा. नव्या नवरीच्या पहिल्या संक्रांतीला काळी साडी नेसवून हे सगळं तिच्या अंगावर चढवतात. नाहीतर मग तान्ह्या बाळाच्या. मधल्या आम्हा जनतेला हा मान नाही. कार्यक्रमात दागिने घालायला एक तरुण सहकारी येणार होती, तिला त्याच दिवशी ताप भरला. काळी साडी अंगावर असलेली दुसरी बाई त्या मजल्यावर एकच. मी.

"तुम्हीच घाला ना," पाहुण्या बाई म्हणाल्या. "तुम्हाला काय शोभून दिसेल!"

असं म्हटल्यावर मी नाही म्हणेन? आम्ही दोघी थेट प्रक्षेपणात उभ्या राहिलो. बाईंनी एकेक दागिना चढवायला घेतला, मी प्रेक्षकांना माहिती देऊ लागले. कमरेला पट्टा आला, दंडावर बाजूबंद आले. मंगळसूत्र गळ्यात पडलं तेव्हा माझा आवाज जरा हलला, पण मी सावरला. बाई मुकुट बांधायला मागे गेल्या. आणि कानात, इतक्या वर्षांत कामाच्या वेळी कधी न बोललेलं, तो हळूच बोलला.

"आज सांगणार ना?"

मी कॅमेऱ्यात बघून, स्वच्छ, खणखणीत, बाबांच्या आवाजात म्हणाले, "हो हो, आज नक्की सांगते आईला."

मागे मुकुट बांधणारे हात थांबले. "काय सांगताय आईला?" बाईंनी माझ्या खांद्यावरून डोकावत विचारलं.

आता कुणी म्हणेल की सावरता आलं असतं. शब्द मी सावरलेही. "हेच, की तुम्ही किती सुंदर दागिने करता," असं काहीतरी बोलले. पण चेहरा? नखशिखांत नव्या नवरीसारखी नटलेली पन्नाशीची बाई, आणि कानशिलापर्यंत लाल. कॅमेरामन जातिवंत कलाकार. त्याने नेमका तेव्हाच माझा चेहरा जवळून दाखवला. कानात आधी काचेआडच्या सगळ्या खोलीचं हसू ऐकू आलं, आणि मग त्याचा आवाज, "ब्रेक. ब्रेक घ्या. अहो, ब्रेक घ्या!" संप झाले, पूर आले, निवडणुकांचे निकाल आले, पण तो आवाज थरथरलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

ब्रेकमध्ये फोन उघडला. सोसायटीच्या ग्रुपवर फुलांचा सडा. 'अभिनंदन!' 'कळवलं पण नाहीस गं!' 'पहिली संक्रांत गोड गोड!' तळमजल्यावरच्या काकूंनी तर माझ्या चेहऱ्याचा फोटो टीव्हीवरून काढून ग्रुपवर टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, 'आमच्या बिल्डिंगची सून.' सून कशी झाले ते देव जाणे. आईचा मात्र फोन नाही, काही नाही.

पुढचा सगळा कार्यक्रम मी केला. या कामाचे माझ्यावर जे उपकार आहेत त्यातला हा मोठा. पायाखालची जमीन सरकली तरी हवामान सांगावंच लागतं. थंडी वाढणार आहे, कान झाकून घ्या, असं मी सांगितलं, आणि पाहुण्या बाई तोंडाला पदर लावून हसल्या. संपल्यावर मी फोन हातात धरून बसले. रोजच्या वेळेला आईचा फोन आला नाही. तिच्या ऑपरेशनचे दिवस सोडले तर असं कधी झालं नव्हतं.

घरी पोहोचले तर वॉचमनने कडक सलाम ठोकला. जिन्यात काकूंनी गाठलंच.

"पेढे कुठेत गं?"

"काकू, लग्न नाही झालं माझं."

"मग ते दागिने?"

"कार्यक्रमातले होते ते. परत पण दिले."

"असं होय." काकूंचा चेहरा पडला, आणि लगेच उजळला. "मग आईला काय सांगणारेस?"

"ते आधी आईला सांगू दे ना."

"म्हणजे आहे काहीतरी!" काकू जिना उतरून इतक्या वेगाने गेल्या की त्यांच्या गुडघ्यांची तक्रार मी त्यानंतर कधी मनावर घेतली नाही.

आई जेवणाच्या टेबलाशी तीळ निवडत बसली होती. टीव्ही बंद. माझ्याकडे वर न बघता म्हणाली, "इलंस?"

"हो."

"सांग."

"काय सांगू?"

"सकाळी अख्ख्या दुनियेक सांगितलंस, आईक सांगतंय म्हणून. मी हयसून हलूक नाय. आता सांग."

मी सांगितलं. सगळं. पोह्यांपासून भेळेपर्यंत. ती तीळ निवडत राहिली. सांगून झाल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला तो भलताच. "ती बाई मागे मुकुट बांधीत होती. ती काय विचारीत नव्हती. मग तू उत्तर कोणाक दिलंस?"

"कानातल्याला."

"तोच तो?"

"तोच."

आईने ताट बाजूला सारलं. "बोलव त्याला. संक्रांतीला दारात इलेल्याक कोण परत पाठवत नाय."

ती हो म्हणत होती की नुसती रीत सांगत होती, ते मला कळेना. तो संध्याकाळी आला. इस्त्रीचा शर्ट, हातात तिळगुळाचा डबा, चेहरा परीक्षेला बसलेल्या पोरासारखा. आईने दार उघडलं आणि म्हणाली, "या. बसा. पाणी घेणार तुम्ही?"

ते 'तुम्ही' ऐकलं आणि मी मनात म्हटलं, संपलं.

इथे आईबद्दल थोडं सांगायला हवं. माझी आई ज्यांच्यावर जीव टाकते त्यांना शिव्या देते. मला ती भवानी म्हणते. आवडता भाचा आला की दारातूनच, "मेल्या, इतके दिवस खंय मेलं होतंस?" मासळीवालीशी तिचं रोज सकाळी असं काही चालतं की नवख्या माणसाने पोलीस बोलवावेत, आणि ती दोन दिवस आली नाही तर आईला जेवण जात नाही. अहो-जाहो आणि 'तुम्ही' हे तिने परक्यांसाठी राखून ठेवलंय. बँकेतल्या साहेबाला 'तुम्ही'. इन्शुरन्सवाल्याला 'तुम्ही'. माझ्या एका चुलत्याशी ती गेली वीसेक वर्षं अतिशय गोड बोलते, कारण तिला तो डोळ्यासमोर नको असतो.

आणि ती याच्याशी गोड बोलत होती.

त्याला बिचाऱ्याला वाटलं, चाललंय झकास. तिळगूळ दिला, वाकून नमस्कार केला, आणि सरळ म्हणाला, "आई, आम्ही बौद्ध. तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं."

"बरं," आई म्हणाली. "लाडू घ्या तुम्ही अजून एक."

तो गेल्यावर मी विचारलं, "कसा वाटला?"

"माणूस बरो आसा."

"मग?"

तिने लाडवांचा डबा लावून ठेवला. मग म्हणाली, "खोटा नाय बोलणार मी. माझ्या मनात काय नाय असा म्हटलंय तर ता खोटा होईल. तुझे बाबा गिरणीत होते, तेव्हा त्यांच्या मागाच्या खात्यात यांच्या माणसांना घेत नसत. आम्ही कोणी कधी विचारला नाय, कित्याक घेत नाय म्हणून. तशी रीत होती, आम्ही गप बसलो. आता तोच माझ्या घरात येऊन मला वाकून नमस्कार करता. आणि गणपतीक गावाक गेलंय की काय सांगू?"

"मी सांगेन ना."

"तू काय सांगतलंस? तू टीव्हीर सांगतलंस. माका घाई लावू नको. विचार करतंय."

आणि तिने विचार सुरू केला. त्यात तिने एक चमत्कारिक गोष्ट केली. त्याला दर रविवारी जेवायला बोलवायला लागली. तो यायचा, ती वाढायची, "तुम्ही काहीच घेत नाही हो," असं म्हणायची, आणि मी तो मानाचा 'हो' ऐकून खचायचे. आईच्या 'तुम्ही'चा अर्थ मी त्याला अजून सांगितला नव्हता. तो खूश होता. "आई किती मान देतात यार," असं तो मला म्हणाला. मी मनात म्हटलं, "हो ना, तिथेच तर वाट लागलीय."

दुसरीकडे सकाळी आईने टीव्ही वेगळ्याच नजरेने बघायला सुरुवात केली. तो कानात बोलला की माझी डावी भुवई किंचित वर जाते, हे तिने शोधून काढलं. मला स्वतःला हे माहीत नव्हतं. आता तिचा फोन आला की धरणाचा विषय नाही. "त्या डॉक्टरशी बोलताना भुवई गेली वर. काय म्हणालो तो?"

"डॉक्टरांना आवरा म्हणाला."

"मगे आवरलंस नाय तू."

"डॉक्टरबाई महत्त्वाचं बोलत होत्या."

"त्याचा ऐकत जा," आई म्हणाली आणि फोन ठेवला.

एका रविवारी तिने त्यालाच विचारलं, "तुम्ही हिच्या कानात नक्की सांगता काय?"

"किती वेळ उरलाय ते सांगतो, आई."

"मग माझो किती उरलो तो पण सांगा."

तो गंभीरपणे म्हणाला, "ते माझ्याकडे येत नाही. पण मधे जाहिराती भरपूर आहेत."

आईने पदर तोंडाला लावला. खांदे गदागदा हलत होते. हसू आवरल्यावर म्हणाली, "मस्करी करता तुम्ही." तुम्ही! मी त्या रात्री देवाला विचारलं, आणखी काय करायचं आता माणसाने?

देवाने मासळीवालीला पाठवलं. पुढच्या रविवारी तिने पेडवे आणले. पेडवे म्हणजे बोटाएवढी मासळी. चव अशी की माणूस भांडण विसरेल, आणि काटे असे की आपण कोकणातले असूनही लहानपणी चार फटके खाऊन ते खायला शिकलेलो असतो. आईने त्यांचं तिखलं, म्हणजे झणझणीत कालवण केलं, जिभेला झोंबणारी कोकणातली त्रिफळं भरपूर घालून. मी त्याला हळूच म्हटलं, "जपून खा हं." तो म्हणाला, "अगं, आमच्याकडे पण नदीचे मासे असतात."

दोन मासे त्याने नीट खाल्ले. तिसऱ्याला आईने विचारलं, "तुमची आई काय करायची?" शेतात मजुरी करून आपल्या आईने तीन मुलं कशी शिकवली ते तो सांगायला लागला. रंगून सांगत होता. माझी आई हात थांबवून ऐकत होती. आणि ऐन वाक्यात तो थांबला.

डोळे मोठे झाले. हात गळ्याशी गेला. तो पाण्याचा पेला शोधायला लागला.

मी काय केलं? ज्या बाईचं पोट बोलण्यावर चालतं, तिच्या तोंडून एक शब्द निघेना. मी नुसती उभी राहिले. आई मात्र खुर्ची मागे ढकलून उठली, त्याच्या हातातला पेला हिसकावला, आणि माझ्या घराची भिंत हादरेल असा आवाज फुटला.

"मेल्या, पाणी पिऊ नको! सुको भात गिळ! चावतंस कित्याक गाढवा, गिळ! गोळो कर मोठो. अजून मोठो. तोंड बंद करून खावचा तां कळना नाय तुका? एवढो घोडो झालंस! गिळ मेल्या, गिळ!"

तिने स्वतःच्या हाताने भाताचा गोळा केला आणि त्याच्या तोंडात कोंबला. पाठीवर एक सणसणीत थाप दिली. दुसरा गोळा. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. तिसऱ्या गोळ्याला त्याने मान वर केली आणि फाटक्या आवाजात म्हणाला, "गेला."

"गेलो?"

"गेला, आई."

आई धपकन खुर्चीवर बसली. धाप लागली होती. भाताने माखलेला हात तसाच हवेत. आणि मी हसायला लागले. हसता हसता मला रडू यायला लागलं.

"तुका काय झाला दात काढूक?" आई कडाडली.

"आई, तू त्याला मेल्या म्हणालीस."

"मग काय म्हणू? मेलो असतो आता!" ती त्याच्याकडे वळली. बघत राहिली. तो डोळे पुसत होता. मग ती जरा खालच्या आवाजात म्हणाली, पण माझ्याकडे न बघता, "गावाक मी सांगतलंय. येत्या गणपतीच्या आधीच सांगतलंय, मगे कोण काय बोलता ता माझ्या तोंडावर बोलांदे. तुम्ही दोघांनी तोंड उघडूचा नाय. एकीचा तोंड टीव्हीर उघडता, आणि एकाचा जेवताना."

"आई, म्हणजे..." तो म्हणाला.

"म्हणजे तारीख बघा. माका ताटकळत ठेवू नका. आणि तू रे, बघतंस काय असो? तुझ्या आईचा सांगत होतंस ता अर्धा रवला. ता सांग, पण आधी जेव. पेडवे संपव ते."

त्याने मान खाली घातली आणि एक शब्दही न बोलता जेवायला लागला. काटे एकेक करून ताटाच्या कडेला लावत होता. आईने त्याच्या भातावर आणखी तिखलं ओतलं, विचारलंसुद्धा नाही हवं का म्हणून. मी माझं ताट पुढे केलं.

"तुका हात नाय?" आई म्हणाली.